नवा विषय नको, फक्त मुख्याध्यापकांना फोन करू नका

प्रति,
मराठवाड्यातील सर्व सन्माननीय आमदार आणि खासदार

सप्रेम नमस्कार.

विधानसभेत मराठवाड्याचे 46 जण, लोकसभेत 8. शिवाय विधान परिषदेत पदवीधरांचा एक आणि आम्हा शिक्षकांचा एक. तुम्हा सगळ्यांना मिळून हे एकच पत्र लिहितो आहे, पक्ष न बघता. पक्ष बघून लिहिलं असतं तर तुमच्यातल्या निम्म्यांनी ते उरलेल्या निम्म्यांच्या अंगावर भिरकावलं असतं आणि मूळ गोष्ट बाजूलाच राहिली असती.

मी परभणी जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी, एका अनुदानित माध्यमिक शाळेत इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवतो. अडलं-नडलं तर मराठीही. वर्षाकाठी तुमच्यापैकी कुणी ना कुणी आमच्या स्नेहसंमेलनाला नाहीतर गुणवंतांच्या सत्काराला येतं. हल्ली त्या भाषणांत एक वाक्य ठरलेलं असतं: राजकारणाची पातळी फार घसरली आहे, आता शिक्षकांनीच नव्या पिढीला विचार करायला शिकवलं पाहिजे. टाळ्या पडतात. उत्तर द्यायची सोय त्या मंडपात नसते, कारण लगेच आभारप्रदर्शन सुरू होतं. म्हणून इथे देतो.

पातळी घसरली, हे खरंच आहे. पण ती विचार न करणाऱ्यांनी घसरवली, असं मला वाटत नाही. तुमच्यात वकील आहेत, डॉक्टर आहेत, प्राध्यापकी केलेले आहेत. व्यासपीठावरून कुणाच्या आईचा, कुणाच्या जातीचा, कुणाच्या व्यंगाचा उद्धार होतो तेव्हा बोलणाऱ्याने पक्का हिशोब केलेला असतो. कॅमेरा कुठे आहे, तीस सेकंदांची क्लिप कुठून कुठवर कापली जाईल, समोरचा उद्या कोणत्या भाषेत उत्तर देईल, आणि मग आठवडाभर पीक विम्याचं, टँकरचं, रस्त्याचं कुणी कसं विचारणार नाही, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. इतक्या बारकाईने विचार करणाऱ्याला मी काय शिकवणार? शाळेच्या हातात फार तर एवढं आहे, की त्या सभेत शिट्टी मारायला बोटं तोंडाकडे नेणाऱ्या पोराला मध्येच एखादा प्रश्न पडावा. तुमची जीभ सुधारणं शाळेला जमणार नाही. तुमचा श्रोता थोडा अवघड करून ठेवणं जमेल. तो तसा झालेला तुम्हाला चालणार आहे का, हे मात्र आधी ठरवा. कारण शाळेत विचार शिकवा म्हणणारे आणि त्या विचाराचा पहिला त्रास होणारे, दोन्ही तुम्हीच आहात.

2025 च्या जुलैत विधान भवनाच्या लॉबीत दोन आमदारांच्या समर्थकांची हाणामारी झाली. मधल्या सुट्टीत आमच्या सातवीच्या पोरांनी ती मैदानावर साग्रसंगीत करून दाखवली, कुणी कुणाची कॉलर धरली इथपर्यंत. सभागृहात असंसदीय शब्द निघाला की अध्यक्ष तो कामकाजातून काढून टाकतात. मैदानावर काढून टाकणारं कुणी नसतं.

गैरसमज नको. मला गुळमुळीत राजकारण नको आहे. मराठवाड्याच्या मातीला तिखट बोलण्याचं वावडं कधीच नव्हतं. पैठणच्या एकनाथांनी हिंदू आणि तुर्क यांचा वाद भारुडात घातला, त्यात ते दोघे एकमेकांना काय कमी बोलतात? देवावरून, पुराणावरून, नमाजावरून एकमेकांची पिसं काढतात. फक्त दोघांनाही समोरच्याचं घरदार माहीत आहे, त्याचा युक्तिवाद माहीत आहे, आणि वार त्या युक्तिवादावर आहे. शेवटी दोघे गळाभेट घेतात. चारशे वर्षांपूर्वी गावच्या चौकात उभं राहून लोकांनी हे ऐकलं, आणि तेही पैठणसारख्या कर्मठांच्या गावात.

इतकं मागे जायचं नसेल तर नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर घ्या. नोकरीची सुरुवात त्यांनी शाळामास्तर म्हणूनच केली होती. हिंदुत्ववाद्यांवर, मुस्लिम राजकारणावर, स्वतःच्या समाजवादी मित्रांवर बोलताना त्यांनी कुणाचीच भीड ठेवली नाही. ज्यांनी त्यांना ऐकलंय ते लोक सांगतात, की समोरच्याचं म्हणणं ते आधी त्याच्याहून चांगलं मांडून दाखवायचे आणि मग खोडायला घ्यायचे. 10 फेब्रुवारी 1982 ला औरंगाबादेत व्यासपीठावरच ते गेले, पन्नाशीही गाठली नव्हती. त्यांच्या भाषणांना तुमच्याच पक्षांची मागची पिढी गर्दी करायची. कडक बोलणं लोकांना आवडतंच, त्यासाठी घाण बोलावं लागत नाही.

आणि शिक्षण वाढलं की आपोआप शहाणपण येतं, या भ्रमातही मी नाही. 27 जुलै 1978 ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात गावोगाव दलित वस्त्या पेटल्या. नामांतराच्या विरोधात रस्त्यावर उतरलेल्यांत कॉलेजांतले विद्यार्थी पुढे होते. आधी भिंतींवर शब्द आले, मग घोषणांत आले, मग रॉकेल आलं. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडला. ती सगळी पोरं पदवीधर झाली असतील. परीक्षेत त्यांना स्वातंत्र्य-समता-बंधुतेवर टीपही आली असेल, आणि त्यांनी ती चांगली लिहिली असेल.

आता वर्गात या. चिकित्सक विचार शाळेत शिकवायचा की नाही, हा प्रश्न कागदावर कधीच सुटलेला आहे. वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद, शोधक बुद्धी आणि सुधारणावाद यांचा विकास करणं हे राज्यघटनेच्या कलम 51-क नुसार प्रत्येक नागरिकाचं मूलभूत कर्तव्य आहे, 1976 च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीपासून. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चिकित्सक विचार हा शब्द पानोपानी सापडेल. पाठ्यपुस्तकातही तो आहे. दहावीच्या इतिहासाचा पहिलाच धडा इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य परंपरेवर आहे. पुरावा कसा तपासायचा, इतिहासकार कोणत्या जागी उभा राहून लिहितो, सत्ता आणि ज्ञान यांचं नातं काय, असले प्रश्न त्यात आहेत. व्हॉल्टेअर आहे, रांके आहे, मायकेल फुको आहे. गंगाखेड-पाथरीकडच्या पंधरा वर्षांच्या पोरापोरींना फुको शिकवणारं राज्य दुसरं कुठलं असेल की नाही, शंका आहे. पण परीक्षेला हा फुको कसा येतो? योग्य पर्याय निवडा, नाहीतर चुकीची जोडी ओळखा. ज्या माणसाने आयुष्यभर ज्ञानावर प्रश्न विचारले तो आमच्याकडे एका गुणाचा आहे, आणि तो गुण पैकीच्या पैकी मिळतो.

मराठीच्या कृतिपत्रिकेत तर स्वमत नावाचा प्रश्नच आहे. उतारा वाचा आणि तुम्हाला काय वाटतं ते लिहा. कल्पना ज्याची असेल त्याला माझा दंडवत. पण बाजारात गाईड मिळतं आणि त्यात स्वमताची उत्तरं छापलेली असतात. मुलं ती पाठ करतात. गठ्ठा तपासायला बसलं की ओळीने चाळीस मुलांचं स्वमत शब्दाला शब्द सारखं निघतं, स्वल्पविरामासकट. गुण द्यावेच लागतात, कारण नमुना उत्तराशी ते जुळतं. मग हीच मुलं मोठी होऊन गटागटाने एकाच ओळीच्या पोस्ट टाकतात, तेव्हा आपण कपाळावर हात मारतो.

लेकरांना विचार करता येत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. नववीच्या वर्गात एकदा बदली तास मिळाला होता. सोयाबीनचे दिवस होते. मी सहज हमीभावाचं विचारलं. 2024-25 च्या हंगामाला 4,892 रुपये होता, पुढच्या वर्षी 5,328 झाला, आणि आडतीत प्रत्यक्ष भाव मात्र त्याहून बराच कमी मिळत होता, हे अर्ध्या वर्गाला तोंडपाठ. मग ओलाव्यावर गाडी आली. सरकारी खरेदीला 12 टक्क्यांची अट, 2024 मध्ये केंद्राने ती 15 पर्यंत सैल केली. एक मुलगी उठली. एरवी हजेरीलाही जिचा आवाज ऐकू येत नाही, ती. म्हणाली, "सर, मशीन कुणाचं असतंय? घेणाऱ्याचंच ना? मग ते बरोबर दाखवतंय का नाही हे कोण बघतंय?" दुसऱ्याने सांगितलं, त्याच्या वडिलांनी एकाच पोत्यातला माल दोन ठिकाणी नेऊन मोजला होता, आकडा वेगळा आला. तिसरा म्हणाला, सकाळी मोजला की वेगळा, दुपारी वेगळा, ऊन-दव बघायला पाहिजे. दावा कुणाचा, मोजमाप कुणाच्या हातात, त्यात त्याचा फायदा काय, दुसऱ्या ठिकाणी पडताळून बघितलं का, आणि तिसरं काही कारण असू शकतं का. पाच प्रश्न झाले, आणि मी एकही सांगितला नव्हता. चिकित्सा म्हणजे याहून वेगळं काही असेल तर अभ्यासक्रम ठरवणाऱ्या पुण्याच्या एससीईआरटीने मला जरूर कळवावं.

म्हणजे घरात, आडतीवर, बी-बियाण्याच्या दुकानात लेकरू चिकित्सा शिकून येतं. शाळेच्या फाटकात ती बाहेर ठेवून आत येतं. का, तर आत तिची गरज नसते, आणि काही विषयांत ती धोक्याची असते.

त्या धोक्याबद्दल आता सविस्तर सांगतो, कारण त्याचा संबंध थेट तुमच्याशी आहे.

2 सप्टेंबर 2025 ला मराठ्यांच्या कुणबी नोंदींसाठी हैदराबाद गॅझेट लागू करणारा शासन निर्णय निघाला. गॅझेट हा शब्द तोवर आमच्या गावातल्या पानटपरीपर्यंत पोचला होता. वर्गात मराठा मुलं आहेत, ओबीसी मुलं आहेत, दलित, मुसलमान, बंजारा, सगळी आहेत, आणि बाकं जोडून आहेत. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्याकडे काय झालं, कुणी कुणाच्या दुकानात जायचं बंद केलं, कोणत्या मित्रांनी एकमेकांचे नंबर ब्लॉक केले, ते मी तुम्हाला सांगायला नको. वर्गातही दोन-तीन जोड्यांनी जागा बदलल्या होत्या. मी ठरवलं, यावर एक तास घ्यायचा. आरक्षण कुणाला द्यावं, हा प्रश्न फळ्यावर येऊ द्यायचा नाही. प्रश्न एवढेच: गॅझेट म्हणजे काय असतं? कोणत्या काळात, कोणत्या सरकारने, कशासाठी लिहून घेतलं? निजामाच्या काळातली दप्तरं कोणत्या भाषेत, कोणत्या लिपीत आहेत? उर्दू आणि मोडी वाचणारं आपल्या गावात कुणी आहे का? न्यायमूर्ती शिंदे समितीला नेमकं काय शोधायला सांगितलं होतं? आणि शेवटचा: ज्या कागदावरून आपण महिनाभर भांडतोय, त्याचं एक तरी पान आपल्यापैकी कुणी बघितलंय का?

कुणीच बघितलं नव्हतं. मुलं थोडी हिरमुसली आणि मग हसायला लागली. एकाच्या आजोबांकडे उर्दूतली जुनी पावती निघाली, ती दुसऱ्या दिवशी वर्गात आली. वाचून दाखवली ती एका मुसलमान मुलाच्या आजीने, फोनवर. जमिनीच्या शेतसाऱ्याची होती. एवढा उत्साह मी त्या वर्गात क्रिकेट सोडून दुसऱ्या कशाला बघितला नव्हता.

त्याच संध्याकाळी फोन आला. नाव सांगत नाही, पक्षही नाही. "सर, लेकरायच्या डोक्यात काय भरवायलाव?" तासाभराने दुसरा फोन, दुसऱ्या बाजूचा. "सर, तुम्ही त्यांच्याकडून बोलायलाव असं कानावर आलंय." एकाच तासाबद्दल दोन्हीकडून तक्रार आली, म्हणजे तास बरा झाला असावा, अशी मी समजूत काढून घेतली. पण मुख्याध्यापकांना तिसरा फोन गेला, आणि तो कार्यकर्त्याचा नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून चहा पाजला. चांगला माणूस आहे, निवृत्तीला थोडे दिवस राहिलेत. म्हणाले, "कशाला नादी लागायलाव? पोर्शन उरका. आपल्याला संस्थेत राहायचंय." मी पोर्शन उरकला. पोर्शन कधी कुणाला नाराज करत नाही.

आता कायदा बघा. विधिमंडळात तुम्ही काहीही बोललात तरी त्याबद्दल कोणत्याही न्यायालयात तुमच्यावर कारवाई होत नाही, असं संरक्षण घटनेच्या कलम 194 ने आमदारांना दिलं आहे. संसदेसाठी तेच कलम 105 ने. संरक्षण देणाऱ्यांचा हेतू उघड होता: लोकप्रतिनिधीला भीती न बाळगता प्रश्न विचारता यावा. तुमच्यापैकी काहींनी ते प्रश्नांसाठी वापरलं. काहींनी कशासाठी वापरलं ते मी लिहीत नाही, संरक्षण मला नाही. माझ्यावर 1981 ची खाजगी शाळांची सेवाशर्ती नियमावली आहे, जिल्हा परिषदेच्या माझ्या मित्रांवर 1967 चे वर्तणूक नियम आहेत. नियम असावेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण पुराव्यासकट घेतलेल्या एका तासासाठी शिक्षकाच्या बाजूने उभी राहील अशी एक ओळ मला कुठे सापडलेली नाही.

त्यात मराठवाड्याची एक खास अडचण. शिक्षण संस्था कुणाच्या आहेत? तुमच्यापैकी अनेकांच्या, किंवा तुमच्या वडिलांच्या, किंवा तुमच्या विरोधकाच्या. या भागात शाळा पोचवण्यात त्या मंडळींचा वाटा मोठा आहे, ते नाकारणार नाही. पण मग संस्थाचालकही तोच, ज्याच्या भाषणाची क्लिप वर्गात तपासायची तोही तोच, आणि वर्गातल्या तासाची तक्रार ऐकणाराही तोच.

गंमत अशी, की याच शिक्षकावर लोकशाहीची सगळ्यात मोठी जोखीम टाकायला कुणाला भीती वाटत नाही. 2024 मध्ये आम्ही एकाच वर्षात लोकसभा आणि विधानसभा अशा दोन्ही निवडणुका पार पाडल्या. मतदान यंत्र मांडीवर घेऊन एसटीत बसलो, रात्री शाळेच्या फरशीवर झोपलो, पहाटे तुमच्या पोलिंग एजंटांसमोर अभिरूप मतदान घेतलं, त्यांच्या सह्या घेतल्या. मतदार याद्यांच्या कामासाठी बीएलओ म्हणून घरोघर हिंडतो तेही आम्हीच. मतपेटी आमच्या स्वाधीन करताना तुम्ही आमची जात विचारत नाही, पक्ष विचारत नाही. वर्गात एक कागद वाचायला घेतला की मात्र दोन्ही विचारता.

आपल्या भागाची परंपरा याच्या उलट आहे. निजामाच्या राज्यात जाहीर सभा घ्यायची तर गश्ती निशाण 53 आडवं यायचं, आधी परवानगी काढा. त्या राज्यात स्वामी रामानंद तीर्थ आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि मग अंबाजोगाईत शिक्षक होते. 1938 मध्ये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हटलं म्हणून त्यांना काढून टाकलं गेलं, आणि त्यातून कार्यकर्त्यांची एक पिढी उभी राहिली. दर 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, ध्वजारोहणाच्या भाषणात तुम्ही ही नावं घेता. ती माणसं शाळांतून निघाली, हा भाग भाषणात राहून जातो.

"विचार करायला शिकवा" याचा अर्थ सरकारी भाषेत कसा होतो, तेही मला माहीत आहे. एक परिपत्रक निघेल, पंधरवडा जाहीर होईल, शपथ घेतली जाईल, आणि फोटो लिंकवर टाका म्हणून केंद्रप्रमुखांचा रात्री मेसेज येईल. तसं करणार असाल तर बिहारात काय झालं ते बघून घ्या. 2019 च्या लोकसभेच्या तोंडावर गया भागात 1,224 लोकांना खोटी माहिती कशी ओळखायची याचं तासाभराचं प्रशिक्षण घरी जाऊन दिलं होतं. सरासरी परिणाम जवळपास शून्य. पुढे त्याच राज्यात जीविका या सरकारी उपक्रमाच्या मदतीने 583 गावांतल्या 13 हजारांवर विद्यार्थ्यांबरोबर मोठा प्रयोग झाला. या वेळी 14 आठवड्यांत पसरलेले वर्ग होते, सोबत गृहपाठ. खरं-खोटं ओळखण्यात या मुलांनी बाकीच्यांपेक्षा ठळक प्रगती केली, काही महिन्यांनी तपासलं तेव्हाही ती टिकून होती. शिकवलं होतं मुख्यतः आरोग्याच्या अफवांबद्दल, पण मुलं तीच पद्धत राजकीय बातम्यांनाही लावू लागली. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे आई-वडिलांतही फरक दिसला. केरळात कन्नूरच्या जिल्हा प्रशासनाने 2018 मध्ये दीडशेच्या आसपास सरकारी शाळांत असे वर्ग सुरू केले, लसीकरणाच्या अफवांनी हैराण होऊन. त्याच वर्षी आपल्याकडे धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून पाच भिक्षेकऱ्यांना गावाने ठेचून मारलं. त्या अफवेचा प्रवास मोबाईलवरूनच झाला होता.

एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो, आणि तो तुम्ही घेण्याआधी मीच घेतो. शिक्षक कुठे आभाळातून पडलेत? आमच्यातही झेंडे आहेत, जाती आहेत, संघटना आहेत. स्टाफरूममधल्या डब्याच्या वेळच्या चर्चा तुम्ही ऐकाल तर तुमचे कार्यकर्ते मवाळ वाटतील. अशा माणसाच्या हाती वाद दिला तर तो प्रचार करणार नाही कशावरून? करेल, काही जण नक्की करतील. म्हणून तास शिक्षकाच्या मताचा नसावा, कागदाचा असावा. मूळ दस्तऐवज सगळ्यांसमोर, दोन्ही बाजूंची विधानं तारखेसकट, आणि ज्या मुलाला जी बाजू पटते त्याने विरुद्ध बाजू मांडायची. तासाचा आराखडा आधी मुख्याध्यापकांच्या फाईलला लावायचा. पालकांना बघायचा असेल तर तो उघडा. एवढं केलं तर लबाडी करणारा शिक्षक लगेच पकडला जाईल, मुलंच पकडतील.

दुसराही एक धोका आहे. नुसतं "कशावरून?" विचारायला शिकवलं आणि विषयाचं ज्ञान दिलं नाही, तर पोरगं चिकित्सक होत नाही, संशयी होतं. लस घेऊ नका म्हणणाराही कशावरून असंच विचारतो. त्या मुलीला ओलाव्याच्या मशीनवर नेमका प्रश्न विचारता आला, कारण तिला सोयाबीन माहीत होतं. ज्याला कायदेमंडळ आणि न्यायमंडळ यांतला फरक कळत नाही तो आरक्षणाच्या निकालावर काय प्रश्न विचारणार? आणि ज्याला आठवीत येऊनही परिच्छेद सरळ वाचता येत नाही, अशी मुलं माझ्या शाळेत आहेत, त्यांना तुम्ही कोणता चिकित्सक विचार देणार? त्यांना आधी वाचनाचे तास द्या, आणि ते तास घेणारे शिक्षक द्या. रिक्त जागांचं काय चाललंय ते तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे.

म्हणून नवा विषय नको. त्याचं पुस्तक येईल, मागोमाग गाईड येईल, आणि चिकित्सक विचाराची नमुना उत्तरं मुलं पाठ करतील. आहे त्या राज्यशास्त्राला इतिहासाच्या शेपटीतून सोडवा आणि आठवड्याला एक तास वादाचा धरा, गुण न देता. स्वमताच्या प्रश्नाला नमुना उत्तर छापणं बोर्डाने बंद करावं आणि एकसारखी उत्तरं निघाली तर शून्य द्यायची मुभा परीक्षकाला असावी, असा प्रश्न तुमच्यापैकी कुणी तरी येत्या अधिवेशनात विचारा. पुराव्यावर घेतलेल्या तासाबद्दल शिक्षकावर परस्पर कारवाई होणार नाही, तक्रार लेखी आणि नावानिशीच घेतली जाईल, एवढं सेवाशर्तींत घाला. आणि जोवर ते होत नाही तोवर एक गोष्ट आजपासून फुकट करता येईल: मुख्याध्यापकांना फोन करू नका. तुमच्या नावाने दुसरा कुणी करत असेल तर त्याला सांगा. तक्रार असेल तर शाळेत या, वर्गात बसा, आणि पोरांसमोर बोला.

त्यासाठी निमंत्रणही देतो. येत्या 17 सप्टेंबरला झेंडावंदन उरकून तुमच्यापैकी जो येईल त्याने आमच्या दहावीच्या वर्गात एक तास बसावं. व्यासपीठ नसेल, हार नसेल, माइक नसेल. कार्यकर्ते फाटकाबाहेर थांबतील, चहाची सोय तिथेच करू. मुलं तुमच्याच एखाद्या भाषणाचा मजकूर घेऊन बसतील, तारीख आणि ठिकाण घालून. मोबाईलवर चित्रीकरण होणार नाही, त्यामुळे क्लिपची काळजी नको. पटलं नाही तर नाही म्हणायची तुम्हाला मुभा आहे, त्यांनाही राहील. मुख्याध्यापकांना मी विचारलंय, ते हो म्हणालेत, पण त्यांनी एक अट घातली आहे: दोन पक्षांचे दोघे आले तर दोघांनी एकाच बाकावर बसायचं. प्रश्न आधी मिळणार नाहीत.

आपला विश्वासू,
एक माध्यमिक शिक्षक
जि. परभणी